शेवंतीची पेज

तोंडवलीच्या शेवंती कुबलला खोटं बोलता येत नसे. म्हणजे अगदीच येत नसे. मालवणच्या बाजारात मासळी घेऊन बसली आणि गिऱ्हाइकाने विचारलं, "बांगडे ताजे आसत मां?" तर ही बाई सरळ सांगायची, "कालचे आसत. मीठ लावून ठेवा, टिकतले." शेजारच्या मासळीवाल्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. "गो बाये, तुझ्या खरेपणान आमचो धंदो बसतलो!" म्हणायच्या. शेवंती हसायची, पाटीवरचं ओलं फडकं नीट करायची आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच सांगायची. अशा या बाईने उभ्या जन्मात एकच खोटं नेटाने रेटलं, आणि त्यापायी नवरा हातचा जायची वेळ आली. ते खोटं कसं रेटलं आणि मग कोणी कसं सावरलं, त्याची ही हकिकत.

नवरा भिकाजी. फत्तेमारीवरचा खलाशी. मंगळूरची कौलं भरायची, वाऱ्यावर शीड सोडायचं आणि वेरावळपर्यंत जायचं, हा त्याचा धंदा. डोलकाठीवर चढण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या चार बंदरांत नव्हता. आणि आवाज तर असा खणखणीत की शीड ओढताना याने "हैस्सा!" म्हणून हाळी दिली की बाकीच्यांचे हात आपोआप दोराला लागायचे. माणूस दिलदार होता, हसरा होता, बायकोवर जीव टाकणारा होता. पण वेरावळला त्याला एक खोड लागली.

तिकडे माल उतरवून झाला की व्यापारी पाहुणचार करायचे. अफू पाण्यात घोळून तळहातावर घालायची आणि समोरच्याने ती ओठाला लावायची, हा तिथला मान. भिकाजीने पहिल्यांदा घेतली ती गंमत म्हणून. दुसऱ्यांदा घेतली ती गंमत आवडली म्हणून. मग रात्रीच्या सुकाणूवर झोप येऊ नये म्हणून, मग सुकाणू नसतानाही झोप यावी म्हणून! कारणांना काय तोटा? शेवटी मिरीएवढी गोळी सकाळी आणि मिरीएवढी संध्याकाळी, असं रोजचं बसून गेलं. कोणी हटकलं तर म्हणायचा, "मौजेपुरती रे, मौजेपुरती."

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की खलाशी घरी असतात. आई नर्मदाच्या डोळ्यांतून पोराचे ढंग सुटले नाहीत. भरदुपारी पेंगतो, जेवायला बसतो आणि घास हातातच राहतो, म्हणजे काय? म्हातारी मोठी खमकी. तिने पोराला मनगटाला धरला आणि ग्रामदेवाच्या देवळात नेऊन उभा केला. गुरवाने नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आजपासून आफूक हात लावचंय नाय असो शबूद दिल्यान हा. तो मोडलो तर तेचो जाब तूच घे, आणि पाळलो तर तेका सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. शेवंतीही म्हणाली, आणि सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

शब्द किती टिकला? पुढच्या वेरावळच्या खेपेपर्यंत. परत आल्यावर शेवंतीला त्याच्या शिडं शिवायच्या पिशवीत, दाभणांच्या खाली, हिंगाची डबी सापडली. उघडली तर हिंगाचा वास नाही. आत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या. भिकाजी म्हणाला, "कोणाक सांगू नको. हळूहळू सोडतलंय." आणि ती बापडी गप्प बसली. आईला कळलं तर घरात तमाशा, गावाला कळलं तर तोंड दाखवायची चोरी. पण या दोन्हींपेक्षा मोठी भीती देवाची. तिचा आपला हिशेब असा, की आपण तोंडाने बोललो नाही तोवर देवसुद्धा काणाडोळा करील. बोललो की मग त्यालाही जाब घेणं भागच पडेल! हसू येतं ना? पण ज्याने गुरवाच्या तोंडचं गाऱ्हाणं ऐकलंय आणि स्वतः "व्हय म्हाराजा" म्हटलंय, त्याला येणार नाही.

साल छप्पन्न असेल. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, फत्तेमारी पाण्यात उतरली होती. नवा दोर कप्पीत ओवायला भिकाजी डोलकाठीवर चढला. सकाळची गोळी त्या दिवशी जरा मोठीच झाली होती. वर गेला, दोर ओवला, खाली बघून हसलासुद्धा. आणि ज्या काठीवर तो डोळे मिटूनही चढला असता, तिच्यावरून त्याचा हात सुटला. खाली फळ्यांवर आदळला तेव्हा मांडीचं हाड मोडल्याचा आवाज तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्या गणपतला, पार सुकाणूपाशी ऐकू आला.

गणपतने त्याला फळीवर बांधला आणि होडीत घालून मालवणला आणला. बंदरापासून थोडं वर, उंडलीच्या झाडांत, एक धर्मादाय इस्पितळ होतं. कौलारू, लांबट, पुढेमागे पडवी, खाटा थोड्याच. तिथले डॉक्टर कुडाळकडचे. सगळे त्यांना दाजी डॉक्टर म्हणत. कपड्याला इस्त्री नसायची, पण हात फार हलका. आणि नर्स सुभद्राबाई, घाटावरची, साताऱ्याकडची. बोलणं ठसकेबाज, दोन वाक्यांत माणसाला गार करील असं. पण रोग्याची कूस बदलताना तीच बाई अशी जपायची की रोग्याने डोळे मिटून घ्यावेत.

दाजी डॉक्टरांनी पाय ताणावर लावला. पायाला पट्ट्या, पट्ट्यांना दोर, दोर खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली, आणि त्याला रेतीची पिशवी. भिकाजी त्या दुखण्यातही म्हणाला, "बरा आसा. कप्पी हंय पण सोडूक नाय माका." खाटेवरचे शेजारी हसले. डॉक्टर म्हणाले, "हलू नको म्हणजे झाला. पाय हललो नाय तर हाड धरतला. हललो तर मगे माझ्या हातात काय रवाचा नाय." शेवंतीने ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. खलाशाचा पाय गेला म्हणजे खलाशी गेला.

पण दुसऱ्या दिवशी भिकाजीचं चित्र पालटलं. आधी जांभयांवर जांभया. मग नाकाडोळ्यांतून पाणी. अंगाला दरदरून घाम आणि वर काटा. पोटात पिळे, हगवण, आणि तगमग अशी की खाट कुरकुरायला लागली. दोर हिसकायचा, पिशवी लोंबकळायची, बसत आलेलं हाड पुन्हा सरकायचं आणि मग तो गुरासारखा ओरडायचा. दुखण्यावरची सुई द्यावी, तर डॉक्टरांना शंका की पडताना डोक्याला मार लागला असेल. डोक्याला मार असलेल्याला ती सुई म्हणजे घात. धनुर्वात असेल का, हाही एक घोर. डॉक्टर खाटेशी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांनी शेवंतीला विचारलं, "ह्यो दारू, गांजो, आफू असला काय घेता?"

शेजारच्या खाटांवरची तोंडं वळली. दारात गणपत उभा. शेवंतीने पदर डोक्यावर ओढला. "नाय हो डाक्टरांनू! सुपारीचा खांडसुद्धा तोंडात घालीत नाय."

एरवी तिचं खोटं तिच्या तोंडावर दिसलं असतं. पण तोंड रडून सुजलेलं, त्यात कोणाला काय दिसणार? डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ते गेल्यावर भिकाजीने तिचा हात धरला. "शेवंती, माका काय जाला ता तुका म्हायत आसा. डबी घेवन ये गो. एकच गोळी. नायतर मी मरतलंय."

आता इस्पितळात रोग्याला पेज घरची. आजूबाजूच्या गावांचा तो रिवाजच. इस्पितळाने कितीही जेवण द्यावं, पण उकड्या तांदळाची पेज घरच्या बाईच्या हातची, पितळेच्या कासंडीत, वर केळीचं पान बांधून यायची. सुभद्राबाई नाक मुरडायची, पण अडवायची नाही. शेवंती मालवणातच एका नात्यातल्या बाईकडे उतरली होती, आणि भिकाजीची पिशवी डबीसकट तिच्यापाशीच होती. त्या बाईच्या चुलीवर पेज केली, गोळी पेजेत विरघळवली, मीठ जरा जास्त टाकलं म्हणजे कडवटपणा कळू नये. कोणाला कळू नये? खाणाऱ्याला तर ठाऊकच होतं! पण माणूस चोरी करायला लागला की असंच करतो.

भिकाजी ती पेज प्यायला आणि थोड्या वेळाने शांत झाला. कप्पीवरचा दोर ताठ उभा राहिला. सुभद्राबाई म्हणाली, "बघा! घरच्या पेजेची करामत." शेवंतीचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, आपल्याला औषध सापडलं. डॉक्टरांचं औषध डॉक्टर देतील, आपलं आपण देऊ.

तगमग थांबली तशी डोक्याच्या माराची शंका मागे पडली. सरकलेलं हाड भूल देऊन नीट बसवायचं डॉक्टरांनी ठरवलं. सुभद्राबाईने शेवंतीला बजावलं, "उद्या सकाळी पेज नको. पाणीसुद्धा नको. आधी सुई देणार, मग भूल. पोटात काही असता कामा नये." शेवंती हो म्हणाली. पण तिच्या मनात एकच, की उद्या हाड ओढणार, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त दुखणार. आणि भिकाजीची नजर तिच्याकडे लागलेली. सकाळी तिने घोटभर पेज आणली, वाटीत, पदराआड झाकून. त्यात एक नव्हे, दोन गोळ्या. मायेने हो! तिच्या त्या करण्याला दुसरं नाव देता येत नाही.

मग सुभद्राबाईने डॉक्टरांनी सांगितलेली सुई दिली. दुखण्यावरची, त्याच अफूपासून केलेली. शेवंतीला ते कुठून कळणार? आणि भिकाजीच्या पोटात आधीच काय आहे, ते सुभद्राबाईला कुठून कळणार? दोघी एकाच माणसाला जपत होत्या आणि दोघी मिळून त्याला बुडवत होत्या.

भूल द्यायच्या खोलीत नेईपर्यंत भिकाजीचे ओठ काळपट झाले. हाका मारल्या तर ओ नाही. एक श्वास घेई आणि पुढचा घ्यायचा जणू विसरून जाई. डॉक्टरांनी पापणी वर केली, तर डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी. सुभद्राबाई पुढे झाली. "डॉक्टर, सुई मी बरोबर दिलीय. तुम्ही सांगितली तेवढीच."

"एवढ्याशा सुईन असा होवचा नाय," डॉक्टर म्हणाले. मग डोक्यात रक्त साकळलंय? तसं असेल तर वेगळे उपाय, ट्रकात घालून घाट चढून कोल्हापूर गाठायचं, आणि हा माणूस वाटेतच जायचा. की आणखी काही? त्यांनी भिकाजीला सुभद्राबाईच्या हवाली केलं आणि मागल्या पडवीत आले. शेवंती तिथे भिंतीला टेकून उभी होती. पडवीत दुसरं कोणी नव्हतं.

"शेवंती, तो जाताहा. काय खाल्ल्यान?"

तिला देऊळ दिसत होतं, नारळ दिसत होता, "तेचो जाब तूच घे" ऐकू येत होतं. कसंबसं म्हणाली, "देवाक शबूद दिल्यान होतो हो. मी बोललंय तर देव तेका ठेवचो नाय."

दुसरा कोणी असता तर तिथेच कडाडला असता. दाजी डॉक्टर खाली वाकले, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाले, "बाये, देवाक सगळा म्हायत आसा. म्हायत नाय ता फक्त माका. आणि सुई माझ्या हातात आसा."

शेवंतीने पदराखालची वाटी पुढे केली. "आफू," ती म्हणाली. "दोन गोळये. मी घातलंय. माझ्या ह्या हातान घातलंय!"

डॉक्टर एक शब्द न बोलता वळले, पण वळताना तिचा दंड धरून तिला आत घेऊन गेले. "रडाचा मगे. आता काम आसा."

मग काय धावपळ झाली! नळी घालून जांभळ्या औषधाच्या पाण्याने पोट धुतलं. श्वास चालू राहावा म्हणून सुई दिली. भिकाजीचे दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मग खाली आणून छातीवर दाबायचे, पुन्हा वर, पुन्हा खाली. असा हाताने श्वास चालवायचा. सुभद्राबाई थकली की डॉक्टर, डॉक्टर थकले की दारातून धावत आलेला गणपत. आणि शेवंतीला काम दिलं हाका मारायचं. "झोपूक देव नको. तुझो आवाज वळाखता तो."

तिने नावाने हाक कधी मारली नव्हती. "ऐकलात? अहो, ऐकलात?" करत राहिली. तो कुठला ऐकतोय! तेव्हा तिने गळ्याच्या शिरा ताणून खलाशांची हाळी दिली. "हैस्सा!" इस्पितळ दणाणलं. खाटांवरचे रोगी उठून बसले. आणि भिकाजीची छाती आपली आपण वर आली. गणपतने ते बघितलं आणि तोही ओरडला, "हैस्सा!" मग प्रत्येक श्वासाला हाळी. शीड ओढावं तसा त्या माणसाला त्या सगळ्यांनी ओढून काढला. उन्हं कलायला लागली तेव्हा भिकाजीने डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शीड चढला?"

शेवंती तिथेच जमिनीवर बसून रडली, हसली, पुन्हा रडली. सुभद्राबाईने तिला चहा आणून दिला. शेवंतीला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि ती बसायलाच हवीत. पण त्या ठसकेबाज बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्याही हातून गेला असता हो तो. तुम्ही सांगितलंत म्हणून माझे हात स्वच्छ राहिले." शेवंती हे वाक्य पुढे जन्मभर सांगायची.

डॉक्टरांनीही आपली चूक झाकली नाही. "चार माणसांदेखत इचारलंय, थंयच मी चुकलंय," ते म्हणाले. तेव्हापासून त्या इस्पितळात एक रीत पडली. कोणी मोडलेला, पडलेला, कापलेला रोगी आला की त्याच्या माणसाला मागल्या पडवीच्या बाकावर न्यायचं आणि नशापाण्याचं सगळं एकट्याला विचारायचं. आवाज चढवायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही.

भिकाजीची अफू डॉक्टरांनी एकदम तोडली नाही. मोजून द्यायचे आणि थोडी थोडी उतरवत न्यायचे. तगमग झाली, पण दोर हलण्याइतकी नाही. हाड धरलं. पाय किंचित आखूड राहिला, चालताना झोल जायचा, पण पाय राहिला. गणपतने तोंडातून ब्र काढला नाही, डॉक्टरांनी नाही, सुभद्राबाईने नाही. गावात गेल्यावर शेवंतीने आपणहून सासूला सांगितलं. नर्मदा म्हातारी उठली आणि नारळ घेऊन देवळाकडे निघाली. गुरवाने नवं गाऱ्हाणं घातलं, "चुकला-माकला पदरात घे, म्हाराजा." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. ज्या देवाचा शेवंतीने एवढा धसका घेतला होता, तो एका नारळावर राजी झाला!

डोलकाठी सुटली, पण भिकाजी किनाऱ्यावर शिडं शिवायला बसला. मालवणपासून देवगडपर्यंतचे तांडेल त्याच्याकडे शीड पाठवायचे. अफूला त्याने परत हात लावला नाही. पण त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलत नसे. लाज म्हणा, काही म्हणा. बायकोला एवढंच म्हणाला होता, "माझा नाव खंय घेव नको." आभार तर दूरच. तिनेही अपेक्षा केली नाही. नवरा समोर बसून दाभण चालवतोय, याहून काय मागायचं?

शेवंतीच्या मनात मात्र एक सल राहिला. नवऱ्याला पेज वाढताना तिला ती दोन गोळ्यांची वाटी आठवायची. म्हणून तिने एक सवय लावून घेतली. पेज वाढली की आधी एक घोट आपण घ्यायचा, त्याच्या देखत, आणि मगच वाटी त्याच्या पुढे ठेवायची. तो बघायचा आणि मग वाटी उचलायचा. रोज.

आणि आणखी एक गोष्ट तिने सुरू केली. बाजारचा दिवस असला की मासळीच्या पाटीबरोबर पेजेची मोठी कासंडी यायची. ज्या रोग्याचं कोणी नाही, ज्याची माणसं लांबची, त्याला शेवंतीची पेज. सुभद्राबाई दारातच अडवायची. "शेवंतीबाई, पेजेत काय काय आहे?"

"तांदूळ आणि मीठ, बाईनु."

"नक्की?"

"चाखून बघा!" आणि दोघी हसायच्या. नवीन आलेल्याला या हसण्याचा अर्थ लागायचा नाही.

पुढे पुढे सुभद्राबाईच म्हणायला लागली, की बाकावर जरा बसा हो, त्या बाईशी बोला, आमच्याशी ती बोलत नाही. शेवंती बसायची. औषधातलं तिला काही कळत नव्हतं, तसा आवही तिने कधी आणला नाही. ती आपली एका माणसाची गोष्ट सांगायची. एक खलाशी होता, त्याची एक बायको होती, ती अशी अशी मूर्खासारखी वागली. ऐकता ऐकता समोरची बाई पदराने डोळे पुसायची आणि मग हळूच सांगून टाकायची. कोणाचा गांजा, कोणाची चोरून गाळलेली दारू, कोणाची अफू. डॉक्टर आत जाऊन त्याप्रमाणे औषध ठरवायचे. किती माणसं त्यामुळे घरी परतली, याची कोणी मोजदाद ठेवली नाही. पण बाजारात एखादी अनोळखी बाई शेवंतीच्या पाटीशी थांबायची, काही न बोलता तिच्या हातावर हात ठेवायची आणि पुढे जायची.

अशी आठेक वर्षं गेली. एकदा तळेऱ्याकडून ट्रकाने एक जखमी आणला. लवू त्याचं नाव, ट्रकावरचा क्लीनर, वळणावर बाहेर फेकला गेलेला. बरगड्या आणि हात मोडलेला, घामाने निथळत होता, जांभया देत होता, कोणाला हात लावू देत नव्हता. बरोबर आई, सीता. शेवंती तिला घेऊन बाकावर बसली, एका माणसाची गोष्ट सांगितली. पण सीता ऐकणारी नव्हती.

"कोण तो माणूस? नाव काय तेचा?"

शेवंती गप्प.

"बघ! असो माणूसच नाय. माझ्या झिलाक बट्टो लावूक गोष्टी रचतास! माझो लवू देवमाणूस आसा."

आत लवू कण्हत होता. डॉक्टर सुई हातात घेऊन दारात उभे होते, द्यावी की न द्यावी या विचारात. शेवंतीच्या ओठांवर नाव आलं होतं. पण नवऱ्याला दिलेला शब्द होता. शब्द मोडायला तिला आता देवाची भीती नव्हती, त्या माणसाची भीड होती. ती नुसती सीताचा हात धरून बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

भिकाजी त्या दिवशी बाजारातून शिडाचं कापड घ्यायला आला होता. बायकोला बरोबर घेऊन जावं म्हणून इस्पितळाच्या मागल्या बाजूने येत होता. पडवीच्या कोपऱ्याशी त्याने सगळं ऐकलं. उभा राहिला. मग झोल जाणारा पाय ओढत पायऱ्या चढला आणि सीतासमोर येऊन थांबला.

"तो माणूस मी," तो म्हणाला. "भिकाजी कुबल, तोंडवलीचो. देवासमोर शबूद देवन आफू खाय होतंय. हंय, ह्याच इस्पितळात मेललंय मी. ह्या बायलेन खरा सांगल्यान, म्हणान तुझ्यासमोर उभो आसंय." त्याचा आवाज पार आतल्या खाटांपर्यंत गेला. हाळी देणारा आवाज तो, त्याला हळू बोलता कुठे येत होतं! "बाये, तुझ्या झिलाचा देवाक सगळा म्हायत आसा. डाक्टरांक तेवढा सांग."

सीता त्याच्या आखूड पायाकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून उठली आणि दारातल्या डॉक्टरांकडे गेली. काय म्हणाली ते बाकापर्यंत ऐकू आलं नाही. पण डॉक्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये परत ठेवली, दुसरी भरायला सांगितली आणि तिला आत घेतलं. संध्याकाळपर्यंत लवू शांत पडला होता आणि त्याचा श्वास सरळ चालला होता.

पडवीत नवरा-बायको दोघंच उरली. भिकाजी बाकावर बसला आणि म्हणाला, "भूक लागली. पेज आसा?"

कासंडीत तळाला थोडी होती. शेवंतीने वाटीत ओतली आणि सवयीने पहिला घोट घ्यायला वाटी आपल्या ओठांकडे नेली.

भिकाजीने तिचा हात धरला. "दी हडे," म्हणाला. "तुझ्या हातची पेज चाखून कित्याक बघूक व्हयी?"

आणि वाटी तिच्या हातातून काढून घेऊन, तिच्याकडे बघत बघत, तो ती सगळी पेज प्यायला.